ओटीपीवर अठरा टक्के

दहा रुपयांचा टॉपअप मारला की बॅलन्समध्ये ७ रुपये ४७ पैसे येतात. एक रुपया कंपनी प्रक्रिया शुल्क म्हणून ठेवून घेते आणि १ रुपया ५३ पैसे जीएसटीत जातात. टॉपअप आता फारसं कोणी मारत नाही, पण त्यात निदान कर डोळ्यांना दिसायचा. २९९च्या पॅकमध्ये तो दिसत नाही. दुकानदार २९९ घेतो, मेसेज येतो, विषय संपला. त्यातले साधारण ४५ रुपये ६० पैसे कराचे. पॅक अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला रिचार्ज बारा नव्हे, तेरा. एका नंबरमागे वर्षाचा कर ५९३ रुपये आणि घरात चार फोन असतील तर दोन हजार तीनशेच्या वर.

एवढ्याने काय बिघडतं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी जीएसटीची दरयादी एकदा वाचावी. सोन्यावर ३ टक्के. विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के. सिनेमाचं तिकीट शंभर रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के. रेल्वेच्या स्लीपरला कर नाही, एसी डब्याला ५ टक्के. आणि मोबाईल रिचार्जला १८, मग तो शेतमजुराचा असो की सराफाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले, मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरले, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याचा कर शून्य झाला. रिचार्ज आणि हँडसेट मात्र १८ वर जिथल्या तिथे राहिले. हँडसेटचं तर विशेषच: १ एप्रिल २०२० ला त्यावरचा कर १२ वरून १८ झाला, तेव्हा टाळेबंदी लागून आठवडा झाला होता आणि मुलांची शाळा त्याच हँडसेटवर भरणार होती.

फोनवरच्या सेवाकराची सुरुवात १९९४ची. मनमोहन सिंग अर्थमंत्री होते आणि त्यांनी तीनच सेवा निवडल्या: टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली. दर ५ टक्के. तेव्हा ते रास्तच होतं. देशात मोबाईल यायला अजून वर्ष होतं, आणि लँडलाइनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावं लागे. ज्याच्या घरी फोन, तो चार पैसे बाळगून आहे असं गृहीत धरलं तर चुकत नव्हतं. पुढे फोन झोपडीपर्यंत गेला आणि कर मात्र चढत गेला: ८, १०, १२, १४, १५, आणि जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर १८. चैनीच्या वस्तूची गरज झाली की कर उतरावा, असा साधा समज असतो. इथे नेमकं उलट झालं.

पण माझा मुख्य आक्षेप दराबद्दल नाही. फोन आता सरकारनेच सक्तीचा केला आहे, हा आहे. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण कुठल्याही महा ई-सेवा केंद्रात तासभर बसा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बाई आलेली असते. ऑपरेटर आधार क्रमांक टाकतो आणि म्हणतो, "मावशी, ओटीपी सांगा." मावशी फोन पुढे करतात. ओटीपी येतच नाही, कारण व्हॅलिडिटी संपून इतके दिवस झालेत की इनकमिंगही बंद पडलंय. मग शेजारच्या दुकानातून आधी रिचार्ज, त्यानंतर केवायसी. पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो, तो नंबर गावातल्या दुसऱ्याच कोणाकडे असतो, ते वेगळंच. ई-पीक पाहणीला शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा. गॅसचा सिलिंडर दारात आला तरी कोड सांगावा लागतो. सरकारी खिडकी फोनमध्ये गेली याला माझी हरकत नाही, त्याने खेटे वाचले. पण खिडकीशी उभं राहायचं तिकीट सरकारने काढायला लावावं आणि त्यावर वर १८ टक्के घ्यावेत, हे काही पटत नाही.

यात आणखी एक मेख आहे, ती फारशी बोलली जात नाही. कंपनीच्या नावावरच्या पोस्टपेड बिलावर जो जीएसटी लागतो, तो ती कंपनी आपल्या देय करातून वळता करून घेते. वरच्या साहेबाचा फोन असा करमुक्त होतो. रिक्षावाला, धुणंभांडी करणारी बाई, भाजीवाला, यांचाही धंदा फोनवरच चालतो, पण त्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, त्यामुळे वळतं करायला काही नाही. देशातल्या दहातले नऊ कनेक्शन प्रीपेड आहेत. म्हणजे हा कर शेवटी कोणाच्या खिशातून जातो ते उघड आहे.

टेलिकॉम कंपन्याही करकपात मागतात, पण त्यांची मागणी वेगळी आहे. त्यांना परवाना शुल्क कमी करून हवंय, जे समायोजित महसुलाच्या ८ टक्के आहे आणि त्यातले ५ टक्के आता डिजिटल भारत निधीत जातात. हे शुल्क पॅकच्या मूळ किमतीत धरलेलं असतं आणि त्यावर पुन्हा जीएसटी बसतो, हे खरं. तरी ती सवलत ग्राहकापर्यंत झिरपेल असं मानायला मी तयार नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी मागेपुढे दोन-तीन दिवसांत दर वाढवले होते. स्पर्धेचा हा नमुना.

सवलत द्यायची तर ती रिचार्जवर द्या, आणि सरसकट नको. महिन्याला दोनशे रुपयांपर्यंत पडणाऱ्या पॅकवर ५ टक्के ठेवा. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढून कंपन्यांना निव्वळ कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला लावले, ते सगळे यात घ्या. साधा बटणाचा फोन वापरणारी म्हातारी माणसं त्यावरच आहेत. किमतीनुसार कर वेगळा ठेवणं जमत नाही असं कोणी म्हणू नये, कपडे, चपला आणि हॉटेलच्या खोल्यांना तेच चालतं. २९९वाल्यांना यातून काही मिळणार नाही, हे मान्य आहे.

टेलिकॉम कंपन्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, मात्र काढून घेऊ नका. नोव्हेंबर २०१७ ला हॉटेलच्या जेवणावरचा कर १८ वरून ५ झाला, क्रेडिट गेलं आणि कितीतरी मेन्यूकार्डांवर दर वाढले. आणि हा फक्त दिल्लीचा कर आहे असं मुंबईतून कोणी सांगू नये: १८ टक्क्यांतले ९ राज्याच्या तिजोरीत येतात आणि जीएसटी परिषदेत महाराष्ट्राला मत आहे.

१९९चा पॅक ५ टक्क्यांत १७७ रुपयांना पडतो. तो तसा मिळेलच याची हमी आज कोणी देत नाही, कारण नफेखोरीविरोधी तरतुदीखाली नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५ पासून थांबलं आहे, आणि ट्राय दर ठरवण्याचं काम कंपन्यांवरच सोडते. पण प्रत्येक पॅकची माहिती कंपनीला ट्रायकडे द्यावी लागतेच. तेव्हा परिषदेने कर उतरवताना अधिसूचनेतच लिहावं की दुसऱ्या दिवशी पॅक १९९लाच दिसला तर ग्राहकाने दाद मागायची कोणाकडे.