काळा कोट कुणाचा?



उरणच्या बाजूला एका यार्डाच्या गेटवर आमच्या टोळीतल्या पोराचा पास काढून घेतला. नऊ वर्षं कंटेनरवर राबला. कारण विचारलं तर मुकादम म्हणतो, 'तू आमच्या हजेरीवर होतासच कधी?' पोरगा आमच्याकडं वळला, 'आपल्यात वकील कोण हाय रं?' आम्ही एकमेकांची तोंडं बघितली.

रायगडाला हा सवाल नवा नाही. १९२३ साली बोले ठराव झाला. १९२४ला महाड म्युनिसिपालटीनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ला आपण पाणी प्यालो तर डोकी फुटली. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला, बाबासाहेबांना प्रतिवादी केलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं कोर्ट!

बाबासाहेबांची वकिली १९२३ला सुरू झाली. सनदेचे पैसे नवल भथेना या दोस्तानं दिले. सॉलिसिटर लोक अस्पृश्याला कामं देत नव्हते. तोच माणूस पुढं मजूरमंत्री झाला. १९४३ला सरकारी नोकरीत ८.३३ टक्के जागा मिळवल्या. १९५१ला मद्रासच्या खटल्यात कॉलेजातल्या राखीव जागा कोर्टानं उडवल्या, तेव्हा ते कायदामंत्री होते; त्याच वर्षी घटना दुरुस्त होऊन १५(४) आलं. शाळा आणि नोकरी, दोन्ही दारं कायद्यानं उघडली. पण दारात उभा राहणारा लागतोच. कुठं फीसाठी मूळ दाखले अडवतात, कुठं जात पडताळणीत पोराचं वर्ष जातं.

आता आपलं बघा. २००१ साली गोदी कामगारांच्या युनियनच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं: ठेकेदारी बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. पण ठेका नुसतं सोंग असेल, तर कामगार मूळ मालकाचाच. सोंग शाबीत करायचं ट्रिब्युनलपुढं. तिथं आपले घट्टे कोण बघतो? कागद बघतात. पास, पगाराची चिठ्ठी, पी.एफ.चा नंबर. हुकूम कुणाचा चालत होता त्याचा साक्षीदार.

आमच्या कविता गेटवर वाचल्या तर टाळ्या पडतात, पास परत मिळत नाही. बी.ए. होऊन नाक्यावर बसलेल्यांनो, लॉ करा. सनद घ्या. आणि मोठ्या ऑफिसात नाही, लेबर कोर्टाच्या पायरीवर बसा.

बाकीच्यांनी उद्याच्या पाळीआधी एक करा. पासाची झेरॉक्स काढा, घरी ठेवा. त्या पोराकडं तेवढीही नव्हती.