नाका कुठे आहे?

मागच्या वर्षीची गोष्ट. शुक्रवारची रात्र, साडेबारा वाजलेले. अंबरनाथच्या एका मित्राला प्रमोशन मिळालं म्हणून आम्ही चौघं विठ्ठलवाडी स्टेशनजवळ बसलो होतो. प्यायलो सगळेच, खोटं कशाला बोला. माझं घर चालत दहा मिनिटांवर, त्याची मात्र बाईक होती. निघता निघता माझा मोबाईल वाजला. बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज, "श्रीराम चौकात मामा उभे आहेत, मशीन घेऊन."

मी काय केलं असेल? तो मेसेज अजून दोन ग्रुपवर ढकलला आणि मित्राला ओरडून सांगितलं, "अरे, आतल्या गल्लीतून जा!"

तो आतून गेला. आत गटाराचं खोदकाम चालू होतं..... उजव्या पायात रॉड आणि चार महिने घरी. तरी नशीब, समोरून कोणी येत नव्हतं.

त्याने मला कधी दोष दिला नाही. पण भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "तू तर त्याला नीट जायला सांगितलं असशील ना रे?" मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. नाकाबंदीचा खरा उपयोग किती जण पकडले यात नाहीच. ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नसण्यात आहे. आणि नेमकं तेच आपण घालवतो, मैत्री म्हणून!

हे नुसतं माझं मत नाही. २०१०-११ मध्ये राजस्थान पोलिसांबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर प्रयोग केला. (हो, तेच, २०१९ चे नोबेलवाले.) काही ठाण्यांच्या हद्दीत नाका दर वेळी एकाच जागी, तर काही ठिकाणी जागा बदलत राहायची. जागा बदलणाऱ्या नाक्यांमुळे रात्रीचे अपघात सुमारे १७ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. एकाच जागेच्या नाक्याने विशेष काहीच फरक पडला नाही. लोक सरळ दुसऱ्या रस्त्याने जायला लागले. आमच्यासारखेच.....

आमच्या धंद्यात ऑडिटची तारीख आधी कळली की आदल्या रात्री सगळं चकाचक होतं आणि ऑडिटर गेला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ३१ डिसेंबरची नाकाबंदी अशीच. त्या रात्री सगळे शहाण्यासारखे रिक्षा करतात. उरलेल्या ३६४ रात्रींचं काय?

दंडाचं म्हणाल तर तो कमी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण कोर्टात जातं. आणि बडीशेप, पानमसाला वगैरे विसरा. मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुफ्फुसातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल मोजतं. पण दहा हजार असो नाहीतर पन्नास हजार, "आपण सापडणारच नाही" अशी खात्री असेल तर त्या आकड्याला कोण भीक घालतो?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने बाईकवरच्या दोघांना उडवलं. दोघंही आपल्यासारखेच आयटीतले, विशीतले. अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. आपण सगळे भयंकर चिडलो, मीही चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण तेच आपण शुक्रवारी रात्री नाका चुकवायचा रस्ता सांगतो. नमुना बदलणं आणि रस्ता बदलायला सांगणं यात फरक आहे, मान्य. पण हेतू? पिऊन चालवणारा सापडू नये, हाच ना?

आता कोणी म्हणेल, पोलीस तोडपाणी करतात. करत असतील. पण ती मागणारा एक हात असतो तसा देणारा दुसरा हात आपलाच असतो. कोणी म्हणेल, शेवटची लोकल गेली की अंबरनाथ-बदलापूरला जायचं कसं? हा प्रश्न खरा आहे. रात्रीचा रिक्षावाला वाट्टेल ते मागतो. पण तो मागून मागून किती मागेल? मित्राच्या ऑपरेशनचं बिल मी पाहिलंय.

पोलिसांकडून माझी मागणी साधी आहे. नाका रोज हलवा, मंगळवारीही लावा, आतल्या गल्लीच्या तोंडाशीही लावा. आणि आपल्याकडून त्याहून साधी. परवा ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला. मी लिहिलं, "कशाला सांगता?" उत्तर आलं, "तू काय पोलिसात लागलास का?" वर चार हसरे चेहरे.

असो. पुढच्या शुक्रवारी कोणी विचारलं, "नाका कुठे आहे रे?", तर सांगा, "माहीत नाही. चावी इकडे दे, रिक्षा बोलावतो."

मला त्या रात्री एवढंच म्हणायचं होतं.