धोरण आले, अध्यापक केव्हा येणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२० मध्ये संमत केले. चार वर्षांची पदवी, अखेरच्या वर्षी संशोधनाची संधी, शिक्षण मध्येच सोडावे लागल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका, आणि २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत २८.४ टक्के असलेले उच्च शिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेणे, हे त्यातील प्रमुख संकल्प होत. ते स्तुत्य आहेत, याविषयी आमचा मतभेद नाही. परंतु हे संकल्प वर्गात उतरविणार कोण?

महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत याचे उत्तर चिंताजनक आहे. अध्यापक निवृत्त होतो, त्याची जागा भरण्यास शासनाची अनुमती लागते, आणि ती येईपर्यंत त्याचे काम ‘तासिका तत्त्वा’वरील अध्यापकाकडे सोपविले जाते. हा अध्यापक पात्रतेत उणा नसतो. नेट वा सेट उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. मिळविलेले कित्येक जण या रांगेत वर्षानुवर्षे उभे आहेत. पण जितके तास शिकवावे तितकेच मानधन. सुट्टीत चूल कशावर पेटवावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न! पुढील जूनमध्ये आपण याच महाविद्यालयात असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला संशोधनाची दिशा कशी दाखवावी?

तिजोरीत पैसा नाही, असे उत्तर दिले जाते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली होती. १९६८ आणि १९८६ च्या धोरणांनी ती शिरोधार्य मानली. २०२० च्या धोरणानेही तिचाच पुनरुच्चार केला. ते उद्दिष्ट मात्र आजवर गाठले गेलेले नाही. तासिकेच्या दराने अध्यापक राबविणे ही काटकसर नव्हे; आजचा खर्च उद्याच्या पिढीच्या नावे लिहून ठेवणे होय.

अध्यापक कोणत्या दिवशी निवृत्त होणार, हे तो सेवेत रुजू होतो त्याच दिवशी शासनाला कळलेले असते. मग त्याच्या जागेची भरती वर्षभर आधी का सुरू होऊ नये? महाविद्यालयनिहाय रिक्त जागांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी. कायम नियुक्ती होईपर्यंत तरी तासिकेच्या अध्यापकास सुट्टीसह बारा महिन्यांचे वेतन द्यावे. संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्त करण्याचेही या धोरणाने ठरविले आहे; पण ज्या विभागात कायमचा अध्यापकच नाही, तो विभाग अभ्यासक्रम तरी कोणाकडून आखून घेणार?

विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे आणि परिपत्रकही नव्हे. गुरू आणि शिष्य यांच्या दीर्घ सहवासातून ते उभे राहते. तो सहवास तासाच्या हिशेबाने विकत घेता येत नाही. शासनाने आता नवी समिती नेमू नये. रिकाम्या जागा भराव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.