पित्ताशयांतील बिऱ्हाडकरू

मुदतीचा ताप उतरला, रोग्याच्या पोटांत पथ्याचा भात गेला, म्हणजे घरची मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात. परंतु शंभर रोग्यांत दोन-चार असे निघतात कीं, त्यांचा ताप जातो आणि तापाचा जंतु जात नाहीं. तो पित्ताशयांत बिऱ्हाड करतो व तेथें वर्षानुवर्षें राहतो. (या तापास आपण विषमज्वर म्हणतों, तें नांव खरें पाहतां उसनें आहे. प्राचीन वैद्यकांत तृतीयक, चतुर्थक इत्यादि थांबून थांबून येणारे ज्वर त्या शब्दानें ओळखले जात. असो.)

दूषित अन्नपाण्यांतून हा जंतु आंतड्यांत उतरतो. तेथून रक्तांत, रक्तांतून यकृतांत आणि यकृतांतून पित्ताबरोबर पित्ताशयांत. पित्त साबणासारखें तीक्ष्ण; त्यांत पुष्कळ जंतूंचा निभाव लागत नाहीं. याचा लागतो. तेथें खडे असतील तर त्यांवर तो शेवाळासारखा चिकट थर धरतो, आणि त्या थराखालीं औषध पुरतेपणीं पोहोंचत नाहीं. खडे स्त्रियांत अधिक, म्हणून असे रोगवाहकहि स्त्रियांतच अधिक.

न्यूयॉर्क शहरांतील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण याचें प्रसिद्ध उदाहरण. १९०६ सालीं ऑयस्टर बे येथें ज्या घरीं ती कामास होती, तेथील अकरा माणसांपैकीं सहा तापानें पडलीं. जॉर्ज सोपर या गृहस्थांनीं तिच्या पूर्वीच्या घरांचा माग काढला, तों तेथेंहि तोच प्रकार! तिला स्वतःला कसलेंच दुखणें नव्हतें. तेव्हां तिचा विश्वास बसेना, यांत मला नवल वाटत नाहीं. पित्ताशय काढून टाकण्याची सूचना तिनें धुडकावली. स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० सालीं तिची सुटका झाली. परंतु धुण्याच्या कामांत तितकी मिळकत नव्हती. १९१५ सालीं ती खोट्या नांवानें एका प्रसूतिगृहांत स्वयंपाक करतांना सांपडली, आणि पुढें १९३८ सालीं मरेपर्यंत तिला एका बेटावर अडकवून ठेवलें.

जंतूचें हें सामर्थ्य त्याच्या जनुकांत असतें. १९३४ सालीं फेलिक्स व पिट या संशोधकांनीं त्याच्या अंगावरील एक द्रव्य ओळखून त्यास ‘व्हीआय’ म्हटलें. मारकतेच्या इंग्रजी शब्दाचीं हीं पहिलीं दोन अक्षरें. तें शर्करेचें आवरण आहे. तें पांघरून जंतु शरीराच्या पहारेकऱ्यांची नजर चुकवितो. दुसऱ्या कांहीं जनुकांपासून विष तयार होतें, व त्यांतील एक घटक आपल्या पेशींतील डीएनएचे धागे तोडतो. गंगेच्या खोऱ्यांत आणि चिली देशांत पित्ताशयाचा कर्करोग पुष्कळ आढळतो, आणि वाहकांत तो अधिक होतो असें अनेक पाहण्यांत दिसलें आहे. मात्र सारा दोष या विषाचाच, असें म्हणतां येत नाहीं. खड्यांमुळें होणारा दीर्घकाळचा दाहहि तेथें असतोच.

म्हणून हा ताप येऊन गेलेल्या व पित्ताचे खडे असलेल्या माणसानें, मग ती सासूबाई असो, सून असो वा आचारी, वैद्यांच्या सल्ल्यानें शौचाची तपासणी करावी. केवळ संशयावरून कोणास चुलीपासून दूर करूं नये. तपासणी एकदां निर्दोष आली एवढ्यानें भागत नाहीं, कारण जंतु मधून मधूनच बाहेर पडतात.

त्याच शर्करेपासून केलेली लस नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें २०१८ सालीं मुलांना टोंचण्यास प्रारंभ केला. ती नव्या तापापासून राखते. आधींच राहावयास आलेल्या बिऱ्हाडकरूस हालवीत नाहीं. त्याच्यासाठीं कित्येक आठवडे औषध घ्यावें लागतें, आणि खडे असल्यास कधीं कधीं पित्ताशयच काढावें लागतें.