कुलूप वेगळं, काम वेगळं

डिझेल इंजिनाला इग्निशन नसतं. भांडणाची सुरुवात इथूनच करू.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तरीही ज्या ट्रकबद्दल मी लिहितोय, त्याच्या स्टिअरिंग कॉलमवर चावीचं भोक आहे आणि सगळे त्याला इग्निशनच म्हणतात. जी गोष्ट इंजिनात नाहीच, तिची चावी लोक चाळीस वर्षं फिरवतायत.

ट्रक माझ्या शेजारच्या काकांचा. काका मी मनातल्या मनात म्हणतो. तोंडावर नावाने हाक मारतो, मिशिगनमध्ये तीच पद्धत आहे. शेवरलेट एम 1008. 1980च्या दशकात अमेरिकन सैन्याला हलक्या कामांसाठी स्वस्त गाड्या हव्या होत्या. त्यांनी बाजारातलाच पिकअप घेतला. 6.2 लिटरचं व्ही-8 डिझेल इंजिन, 24 व्होल्टचा स्टार्टर, बाकी बहुतेक वायरिंग 12 व्होल्टचं, म्हणून बॅटऱ्या दोन आणि अल्टरनेटरही दोन. पिकअप बाजारातला, त्यामुळे चावीही बाजारातलीच आली.

सैन्यासाठी मुद्दाम बनवलेल्या अमेरिकन ट्रकांना अशी चावी नसायची. एम 35 या अडीच टनी ट्रकला एक खटका आणि स्टार्टरचं एक बटण. हमवीलाही फिरवायचा खटकाच. दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या विलीज जीपला चावी होती, पण ती एच-700 नावाची एकच चावी, जिने कुठलीही जीप चालू व्हायची. पुढे युद्ध चालू असतानाच तीही गेली आणि साधा खटका आला. हे शहाणपण होतं. गोळीबार चालू असताना चावी कुणाच्या खिशात राहिली हे शोधत बसायला वेळ नसतो. मग चोरी? त्यासाठी स्टिअरिंगला साखळी आणि साखळीला टाळं. गाडी कुणी न्यायची हा एक प्रश्न, इंजिन चालू कसं करायचं हा दुसरा. दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं.

आता आमचा गेला जानेवारी. बाहेर उणे चौदा. काकांनी चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. दिवा नाही, टकटक नाही. बॅटऱ्या ठीक होत्या. पण बिघाड नेमका कुठे, हे कळायला आम्हाला दोन शनिवार लागले. कारण त्या चावीच्या मागे एक अख्खी वरात आहे. चावी कुलपाचं सिलिंडर फिरवते, सिलिंडर एक छोटं दातेरी चाक फिरवतं, ते एक दांतेदार पट्टी सरकवतं, पट्टी एक लांब सळई ढकलते आणि खऱ्या विजेचा स्विच खाली, कॉलमच्या दुसऱ्या टोकाला असतो. आमच्या ट्रकात ती पट्टी तुटली होती. हलक्या ओतीव धातूचा अंगठ्याएवढा तुकडा. तो बदलायचा तर आधी स्टिअरिंग व्हील पुलर लावून उपसायचं आणि मग सगळा कॉलम उघडायचा.

काका म्हणाले, "ही चावी नकोच." आणि आम्ही ती काढली.

तिच्या जागी डॅशबोर्डखाली एक साधी पत्र्याची पट्टी बसवली. पहिला स्विच 'रन'चा. त्याने इंजेक्शन पंपावरच्या सोलेनॉइडला वीज मिळते आणि डिझेलचा रस्ता मोकळा होतो. चालत्या गाडीत चुकून हात लागून इंजिन बंद पडू नये म्हणून त्यावर झाकण. मग ग्लो प्लगचं बटण आणि शेजारी दिवा. थंडीत सिलिंडर आधी तापवावे लागतात. मूळ गाडीत हे काम एक कंट्रोलर स्वतःच्या मर्जीने करतो. आता आपण सेकंद मोजायचे. तिसरं बटण स्टार्टरचं. ते फक्त रिलेला चालवतं, कारण स्टार्टर ओढतो तो करंट असल्या बटणाला क्षणात जाळून टाकेल. गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये नसेल तर स्टार्टर फिरू न देणारा मूळचा सेफ्टी स्विच जसाच्या तसा ठेवला. प्रत्येक तारेला फ्यूज. आणि सर्वांत महत्त्वाचं, स्टिअरिंग लॉकची खीळ पूर्ण काढून टाकली. ती अर्धवट राहिली आणि वळणावर अडकली, तर हा लेख लिहायला मी उरणार नाही.

पट्टीचा फोटो मी कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. सगळे इंजिनिअर. तीन प्रकारचे आक्षेप आले.

पहिला: "जुन्या गाडीची वाट लावलीस. ओरिजिनल राहिली नाही." या ट्रकात ओरिजिनल म्हणजे काय, तर खरेदी खात्याने पैसे वाचवायला घेतलेला नागरी पिकअप. फौजी वाहनाच्या परंपरेत बघायला गेलं तर चावी हीच भेसळ होती. आम्ही ट्रकला त्याच्या घराण्याची रीत परत दिली. आणि ज्यांना गाडी काचेच्या पेटीत ठेवायची आहे त्यांनी जरूर ठेवावी. काकांना बर्फ ढकलायचा असतो.

दुसरा: "म्हणजे चोराची सोय केलीस." हा आक्षेप गंभीर आहे, त्याला थट्टेवारी न्यायचं नाही. पण 2021-22मधला टिकटॉकचा तो प्रकार आठवा. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या काही मॉडेल्सना चावी होती, इमोबिलायझर नव्हता. पोरांनी कुलपाचं आवरण उपटून यूएसबी केबलच्या टोकाने गाड्या चालू केल्या आणि पळवल्या. नुसती धातूची चावी चोराला किती अडवते ते जगाने पाहिलं. कवठेमहांकाळहून आजोळी जाताना वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हर चालत्या गाडीची चावी काढून तिने कान कोरायचा. ती चावी कुणाला अडवत होती?

आम्ही बॅटरीच्या तारेवर कट-ऑफ बसवला आहे. त्याची मूठ काढून खिशात ठेवता येते. म्हणजे शेवटी चावी आलीच की, असं तुम्ही म्हणाल. आली. पण ती एकाच जागी आहे आणि एकच काम करते. ती बिघडली तर दोन पान्यांनी दहा मिनिटांत बाजूला काढता येते, आणि ती बिघडली आहे हे आधी कळतं. आता ट्रक चालू झाला नाही तर आम्ही एकेक प्रश्न विचारू शकतो. रन दाबल्यावर सोलेनॉइड 'टक' वाजला का? ग्लोचा दिवा लागला का? स्टार्टर फिरतोय का? जुनी चावी या सगळ्यांना मिळून एकच उत्तर द्यायची: नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच जातीच्या लोकांचा, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. "एवढं केलंस तर एकच स्मार्ट बटण लाव ना. फोनला जोड. अॅपमधून चालू होईल."

मला हे वाक्य ओळखीचं आहे, कारण मी त्याचाच पगार घेतला आहे. आधीच्या नोकरीत मी मशिनरीच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहायचो. एक फीचर माझ्याकडे आलं: अमुक सेन्सर बदलला की मशीनने त्याचा नंबर तपासायचा, यादीत नसेल तर इंजिन चालू होऊ द्यायचं नाही. डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येईल, मंजुरी देईल, मग चालू. कोड मी लिहिला. टेस्ट मी लिहिल्या. सगळ्या पास झाल्या. नंतर कापणीच्या दिवसांत सपोर्टची तिकिटं वाचली. माणसांनी योग्य पार्ट योग्य जागी बसवला होता. मशीन धडधाकट होतं. ते फक्त मंजुरीची वाट बघत शेतात उभं होतं आणि वर ढग येत होते. आमच्या सिस्टीममध्ये त्या तिकिटांवर शेरा होता: अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.

कॉलेजात आपल्याला शिकवतात की वेगळ्या जबाबदाऱ्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा. कोण आहे हे तपासणारा कोड आणि काम करणारा कोड एकमेकांत गुंतवू नका. परीक्षेत आपण हे लिहितो, मार्क मिळवतो, आणि नोकरीला लागल्यावर नेमकं उलटं करतो. सुरक्षेच्या नावाखाली कुलूप आणि काम एकमेकांत असं विणतो की कुलूप काढायला गेलं की काम मरतं. हा निष्काळजीपणा नसतो, तसं मागून घेतलेलं असतं. त्या फीचरने एकही चोर पकडला नाही. त्याने अडवला तो मालक, हातात पाना असलेला.

हे मी एकटा म्हणत नाहीये. ट्रॅक्टरच्या मालकाला स्वतःच्या ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरचं कुलूप दुरुस्तीसाठी उघडता यावं म्हणून अमेरिकेत कॉपीराइट कायद्यातून 2015मध्ये वेगळी सवलत काढावी लागली. शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा कोलोराडो राज्याने 2023मध्ये केला. आणि एप्रिल 2025मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने आपल्याच भूदलाला आदेश दिला की कंत्राटांमध्ये दुरुस्तीचा हक्क घाला. जीपची चावी काढून खटका बसवणारं सैन्य आज आपलीच यंत्रं उघडायची मुभा कंत्राटात मागतंय.

इमोबिलायझर वाईट नाही. स्टिअरिंगचं टाळंही वाईट नाही. पण कुठलंही कुलूप समोर आलं की विचारा: ते कुणाला अडवतं? आणि ते बिघडलं तर मला बाजूला काढता येतं का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर वस्तूचे पैसे तुम्ही भरले असले तरी ती पूर्ण तुमची झालेली नाही. आणि माझ्यासारखे जे कोड लिहितात, त्यांनी हे तिकीट बंद करण्याआधी विचारावं. मी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी काकांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. रन वर. ग्लो दाबून आठ आकडे मोजले, मराठीतच. स्टार्टर फिरला, इंजिन पकडलं नाही. परत मोजले. या वेळी ट्रकने काळ्या धुराचा एक लोट सोडला आणि सगळी गल्ली हादरवली. काका खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पहिल्यांदा का नाही झाला?"

मला सांगता आलं. एक ग्लो प्लग गेलाय.