रेगेक्स चालवलं, मॅच आली... पुढे काय?

आम्हा प्रोग्रामर मंडळींना एक खोड असते. अक्षरांची माळ दिसली की हात शिवशिवतात, ग्रेप मारून बघू! प्रोटीन म्हणजे वीस अक्षरांत लिहिलेली स्ट्रिंग हे कळलं, की अर्धं बायॉलॉजी आपल्याच खिशात असं वाटायला लागतं. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो.

उदाहरणच घ्या ना. एचपीव्ही 16, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एक मुख्य व्हायरस. त्याचं ई7 हे प्रोटीन जेमतेम 98 अमिनो आम्लांचं. त्यातल्या सुरुवातीच्या भागाला धड ठरलेला आकारच नसतो, शिजलेल्या शेवयांसारखा लोंबत असतो. बारावीतलं कुलूप-किल्ली प्रकरण इथे फारसं कामाचं नाही. (एमिल फिशरने ती उपमा 1894 साली एन्झाइमसाठी दिली होती, त्या बिचाऱ्याचा काय दोष!) पण याच लोंबत्या भागात पाच जागांचा एक तुकडा आहे: एल, काहीही, सी, काहीही, ई. त्याच्या जोरावर ई7 आपल्या पेशीतल्या आरबी प्रोटीनला पकडतं. आरबी म्हणजे पेशीविभाजनाचा ब्रेक. तो सुटला की पुढचं सांगायला नको. अडेनोव्हायरस अगदी वेगळ्या कुळातला, पण त्याच्याकडेही हाच तुकडा आहे.

आता हिशोब करू. तीन जागा ठरलेल्या, प्रत्येकी वीस पर्याय. म्हणजे ढोबळमानाने 8000 जागांमागे एक मॅच निव्वळ योगायोगाने. माणसाची सुमारे 20,000 प्रोटीन्स मिळून कोटीभर अक्षरं होतात. हजारावर मॅचेस फुकटात! त्यातल्या कित्येक तर घट्ट घडीच्या आत दडलेल्या, आरबी तिथवर पोचणार कसं?

आणि खरी गंमत पुढेच आहे. एचपीव्ही 6 सहसा चामखिळींवर थांबतो. त्याच्या ई7 मध्येही हाच तुकडा आहे. रेगेक्सच्या लेखी दोन्ही सारखेच. पण एलच्या आधीचं अक्षर 16 मध्ये डी आहे, 6 मध्ये जी, आणि तेवढ्याने आरबीवरची पकड बरीच सैल पडते. (कॅन्सर होण्या-न होण्यामागे इतरही कारणं आहेत, पण तो वेगळा विषय.) जे अक्षर पॅटर्नमध्ये लिहिलंच नव्हतं, त्याने एवढा फरक पडला!

म्हणून "आमच्या टूलने शेकडो नवे मोटिफ शोधले" असं कुणी सांगितलं की मला आधी विचारावंसं वाटतं: आजूबाजूची अक्षरं पाहिलीत? तो भाग मोकळा आहे का? दोन्ही प्रोटीन्स पेशीत एका ठिकाणी भेटतात तरी का? आणि एक अक्षर बदलल्यावर पकड सुटते, हे प्रयोगशाळेत कुणी तपासलंय? अल्फाफोल्डच्या चित्रात हे लोंबते भाग बहुतेक वेळा पिवळ्या-नारिंगी, कमी खात्रीच्या रंगात येतात, आणि लोक स्लाइडवर टाकताना नेमके तेच कापून टाकतात.