शेजारी लादी न्यावी, अख्खी



नाताळ जवळ आला की आपल्या लोकांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तो एकदा या पानावर उघड बोलावा म्हणून लिहिते आहे. शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट न्यावं की नाही? मिस्सा संपल्यावर तरुण जोडपी मला म्हणतात, "टीचर, नकोच ते. उद्या कोणी म्हणालं की हे लोक खाऊ देऊन भुलवतात, तर?"

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे. २०२१ मध्ये तो नव्याने आणि अधिक कडक आला, आणि त्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूही येते. पण कायदा बोलतो तो धर्म बदलण्यासाठी दाखवलेल्या आमिषाबद्दल. सणाच्या सकाळी शेजारच्या काकूंच्या हातात दिलेल्या पावाबद्दल नव्हे. माझं मत स्पष्ट आहे: न्यावंच. फक्त दुकानातला केकचा डबा नेण्यापेक्षा घरी भाजलेली गोड पावाची लादी न्यावी, अख्खी, न कापता.

पाव आणि संशय यांची ओळख आपल्याकडे जुनी आहे. पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात पाववाल्यांनी यीस्टऐवजी माडाची सुर घालून पीठ फुगवलं. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिऊन गाव बाटला, ही गोष्ट तर वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. गोष्टीचं काय ते असो, त्यामागची भीती खरी होती. म्हणून तर १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांनी काढलेल्या परमहंस सभेत येणाऱ्या नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. जात मोडली याची तीच परीक्षा. सभा भरायची तीही गुपचूप! पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली, त्यावरून केवढं ग्रामण्य झालं. रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावं लागलं. आणि आज? त्याच पुण्यात, आणि आपल्या इंदूरच्या सराफ्यातही, पावभाजीच्या तव्यासमोर कोणी कोणाची जात विचारत नाही. कायद्याने किंवा भाषणांनी हे झालं नाही. लोक खात गेले, एवढंच.

देण्याघेण्याची आपली रीतही काही कालची नाही. गोव्यात लग्नानंतर नवरीबरोबर सासरी वोजें जातं, त्यात दोदोल, बोल, केळी असतात. सासरची मंडळी ते वाड्यावर घरोघरी वाटतात. नवी सून आली हे शेजाऱ्याला तोंड गोड करून कळवायचं, म्हणून. इथे गौतमपुऱ्यातही काय वेगळं आहे? दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आपले तुर्रावाले आणि रुणजीचे कलंगीवाले एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात, अख्खा गाव बघायला लोटतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी चारी बाजूंनी गुजिया, चकल्या, शेव येते. ते ताट आम्ही रिकामं परत करायचं का? माझ्या आईच्या मते रिकामं ताट परत करणं म्हणजे असभ्यपणा, आणि ती शिकलेली नव्हती.

आता लादीच का, ते सांगते. केक कापायला सुरी लागते, आणि कोणाचा तुकडा मोठा हे दिसतं. लादी हाताने तुटते. गोळे शेजारी शेजारी ठेवून भाजले की वरच्या बाजूला कोरडी आच लागून साल धरते. जिथे गोळा गोळ्याला टेकलेला असतो तिथे आतल्या वाफेने तो मऊच राहतो, म्हणून ओढला की बरोबर तिथेच सुटतो. एम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनी प्रभूला कधी ओळखलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हा वेदीवरचा पाव नव्हे, घरचा खाऊ आहे, हे शेजाऱ्यालाही मोकळेपणी सांगावं.

कृती अशी. मैदा ५०० ग्रॅम, साखर ८०, लोणी ६०, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ एक छोटा चमचा, वेलची, हवे तर बेदाणे, आणि कोमट दूध साधारण २६५ मिली. लोणी सोडून सगळं मळावं, मग लोणी घालून आणखी १० ते १२ मिनिटं. पीठ हाताला चिकटतं. घाबरून मैदा ओतत बसू नये. माळव्यात मे महिन्यात ते पाऊण तासात दुप्पट होतं, डिसेंबरात दोन तासही लागतात, तेव्हा पातेलं गोधडीत गुंडाळावं. मग १६ गोळे, ९ इंची चौकोनी टिनात चार ओळींत, मध्ये बोटभर जागा ठेवून. फुगून एकमेकांना टेकले की वरून दूध लावून १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. ओव्हन नाही म्हणून अडू नये. बाफले भाजायचा गॅसवरचा ओव्हन इथे घरोघरी आहे. त्यात टिन स्टँडवर ठेवून मंद आचेवर अर्धा तास, आणि झाकण सारखं उघडायचं नाही.

अंडं अजिबात नको, चकाकीसाठी वरून लावायलाही नको. हे ज्याला द्याल त्याला आधी सांगा, त्याने विचारायची वाट बघू नका. काही जैन घरांत यीस्टही चालत नाही. तिथे आग्रह न करता फळं द्यावीत. आणि दिवेलागणीनंतर तर जाऊच नये. शेजारणीने कृती विचारली तर तिथेच बसून लिहून द्यावी. पुढच्या खेपेला तिच्या घरची लादी आपल्याकडे आली तर त्याहून बरं काय? दार लोटून, पदराखाली झाकून काही नेऊ नका. दिवसाउजेडी, उघड्या ताटात न्या.

वेळेचं गणित तेवढं सांभाळावं. २४ तारखेला रात्रीच्या मिस्सेला निघण्याआधी निम्मंच यीस्ट घालून पीठ मळून ठेवलं, तर थंडीत ते रात्रभर सावकाश फुगतं. सकाळी उठून गोळे केले की दहापर्यंत लादी बाहेर येते. गरम असतानाच पोचवा, कारण घरच्या पावात टिकवण्याचं काही घातलेलं नसतं आणि दुसऱ्या दिवशी तो चहात बुडवूनच खावा लागतो.

– एक निवृत्त शिक्षिका, गौतमपुरा (इंदूर)